समोरचं पाणी

३ मार्च, मंगळवार

पाण्याखालचे मासे दाखवणारा नवा सोनार बोटीवर बसला एकदाचा. सकाळपासून भाऊजी बोटीच्या टोकाला पालथे पडून वायरी ओवत होते आणि मी धक्क्यावर उभी राहून सूचना देत होते. त्यांना माझ्या सूचनांची काडीची गरज नव्हती, पण गप्प उभं राहणं मला जमत नाही.

नवं काम, नवी वही. चिऊ म्हणाली, "आई, रोज लिही. पुढे वाचायला मजा येईल." सतरा वर्षांची झाली आणि आईला गृहपाठ द्यायला लागली! तर लिहिते. तलावाकाठी आमचं दुकान आहे. सुट्टीच्या दिवशी हौसेने मासे पकडायला येणाऱ्यांना आम्ही गळ, आमिष, काठ्या विकतो आणि बोटीतून फिरवतो. दुकान मी बघते, बोट भाऊजी चालवतात. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. लग्न केलं नाही, आमच्यातच राहतात. घरात चौथ्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई. माझा नवरा नऊ वर्षांपूर्वी आम्हाला सोडून निघून गेला. त्याच्याबद्दल या वहीत एवढंच. कागद चांगला आहे, वाया घालवणार नाही.

आमच्या जुन्या सोनारमध्ये फक्त बोटीच्या खालचं दिसायचं. म्हणजे मासा पडद्यावर येईपर्यंत बोट त्याच्या डोक्यावर, आणि मासा पसार. वरातीमागून घोडं. हा नवा पुढचं दाखवतो. टोकाला दांड्यावर एक काळा डबा आहे, तो पाण्यात आवाज सोडतो आणि परत आलेल्या आवाजाचं चित्र करतो. समोरचं सगळं दिसतं, तेही हलतं. आमिष खाली जाताना दिसतं, मासा त्याच्याकडे वळलेला दिसतो, आणि तोंड फिरवून निघून गेला तर तो अपमानही दिसतो.

भाऊजींचा वर्षभर विरोध होता. "वहिनी, पाण्यातलं थोडं झाकलेलंच बरं. सगळंच दिसलं तर गळ टाकण्यात काय राहिलं?" जुन्या वळणाचे आहेत. मी ऐकलं नाही.

आईंना सांगितलं, "बोटीवर नवा सोनार बसवला." तर म्हणाल्या, "बोटीवर? मग दागिने कुठे घडवणार तो? हलतं की तिथे!" चिऊ हसून हसून खाली बसली. आईही हसल्या. बऱ्याच दिवसांनी.

५ मार्च, गुरुवार

सकाळी पहिली फेरी. बोटीत आम्ही तिघं: भाऊजी, मी आणि दातांचे डॉक्टर. हे आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, दवाखाना बंद करून आता पूर्णवेळ मासे पकडतात. नव्या सोनारचं खूळ त्यांनीच माझ्या डोक्यात भरलं होतं.

पाणी काचेसारखं होतं. सुरुवातीला नुसती मजा. तांदळाचे दाणे सांडावेत तसे मासे पडद्यावर. डॉक्टरांनी दोन पकडले आणि तिसऱ्याने त्यांना हुलकावणी दिली, तर त्याच्यावर असे चिडले जसं काही तपासणीची वेळ घेऊन तो आलाच नाही. मग मी म्हणाले, पूर्वेच्या वळणाकडे जाऊ. तिथे रस्ता अगदी काठाला येतो आणि पाणी एकदम खोल होतं, मोठे मासे असायलाच हवेत.

"तिथे नको," भाऊजी म्हणाले. "तळाला झाडं आहेत. गळ अडकतात."

हे ते कैक वर्षं सांगतात. त्यामुळे आमची बोट तिकडे कधी जातच नाही. मी म्हणाले, "मग झाडं तरी बघू कशी आहेत ती. यंत्र आणलंय कशासाठी?"

गेलो. पडद्यावर काठाचा उतार दिसला, घसरगुंडीसारखा. झाडबीड काही नव्हतं. मग एक उजळ रेघ आली. सरळ.

डॉक्टर पुढे वाकले. "हळू घ्या हो. अजून हळू." मग म्हणाले, "आयुष्यभर एक्स-रे पाहिलेत मी. निसर्गात अशी सरळ रेघ नसते. ही माणसाने केलेली वस्तू आहे."

बोट सरकत गेली तसं चित्र भरत गेलं. वरची सपाट बाजू, पुढे उतरती काच, बाजूला दोन काळे चौकोन. एक मासा एका चौकोनातून आत शिरला आणि थोड्या वेळाने दुसऱ्यातून बाहेर आला.

"गाडी आहे," मी म्हणाले. माझाच आवाज मला मागून आल्यासारखा वाटला.

भाऊजींनी इंजिन बंद केलं आणि बोटीच्या कडेवरून वाकून ओकले. आख्खं आयुष्य पाण्यावर काढलेला माणूस. तोंड पुसून म्हणाले, "कोणीतरी भंगार टाकलं असेल. चला परत."

डॉक्टर म्हणाले, "पोलिसांना कळवायला हवं."

"कशाला? ऐन हंगामात पोलीस आले तर गिऱ्हाईक फिरकणार नाही. वहिनी, सांगा ना यांना."

मला भाऊजींचं नवल वाटलं. धंद्याचा एवढा विचार त्यांनी कधी केला नाही. मी म्हणाले, "आत कोणी असेल तर? कुणाच्या तरी घरी वाट बघत असतील, भाऊजी." फोन मीच केला.

अजून तो मासा डोळ्यांसमोरून जात नाही. आपल्या घरात शिरल्यासारखा शिरला.

६ मार्च, शुक्रवार

जसं झालं तसं लिहिते. दुसरं काही सुचत नाही.

सकाळी वळणावर क्रेन आली, पाणबुडे आले. पोलिसांच्या इन्स्पेक्टरबाई आल्या, पन्नाशीच्या असतील, आवाज हळू. बघ्यांची ही गर्दी. मी दुकानातून सगळ्यांना चहा नेला. खरं सांगायचं तर मला उत्साह आला होता. आपल्या यंत्राने शोधलं असं दोघातिघांना सांगूनही झालं.

गाडी मागच्या बाजूने वर आली. चिखल आणि शेवाळ, रंग कळेना. पाणबुड्याने पंजाने नंबराची पाटी पुसली. इन्स्पेक्टरबाई एकेक आकडा मोठ्याने वाचून हवालदाराला लिहायला सांगत होत्या. शेवटच्या आकड्याला त्या आठ म्हणाल्या.

मी म्हणाले, "आठ नाही, तीन आहे तो."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाईंनी विचारलं, "तुम्हाला कसं माहीत?"

"आमची आहे," मी म्हणाले. दुकानात विसरलेली पिशवी ओळखावी तशी.

मग मला राग आला. इतका राग की कानशिलं तापली. म्हणजे गाडीही इथेच ढकलून दिली, आणि कुठल्यातरी बसने गेला! आम्हाला गाडीही ठेवली नाही. मी चारचौघांत ओरडले, "जाताना गाडीसुद्धा बुडवून गेला मेला!"

तेवढ्यात क्रेनवाल्याने हात वर करून सगळं थांबवलं. पाणबुडा खिडकीतून आत बघत होता. त्याने इन्स्पेक्टरबाईंना खूण केली. त्या गेल्या, वाकल्या, परत आल्या. कोणालातरी कापड आणायला सांगितलं. मग माझ्याजवळ येऊन त्यांनी माझा दंड धरला.

मी त्यांना म्हणाले, "हे शक्य नाही. त्याचा फोन आला होता."

घरी आईंना कसं सांगावं कळेना. दारातच उभी राहिले. त्या खिडकीशी बसल्या होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सापडला?"

कोण, कुठे, काही विचारलं नाही. त्यांना नीट समजलंच नसावं. म्हातारं माणूस. मी मान हलवली. त्यांनी खिडकी लावून घेतली.

७ मार्च, शनिवार

दुकान उघडलं. का उघडलं माहीत नाही. एक माणूस आला, त्याला गळ हवे होते. मी चार प्रकारचे दाखवले, कोणता कशाला हे समजावलं, सुट्टे परत दिले. तो गेल्यावर आठवलं की माझा नवरा मेला आहे. असं दिवसभर होत राहिलं. दर वेळी नव्याने.

८ मार्च, रविवार

इन्स्पेक्टरबाई घरी आल्या. चिऊला बाहेर पाठवणार होते, ती हलली नाही. भाऊजी मात्र उठून गेले. त्यांना सहन होत नाही, सख्खा भाऊ.

बाईंनी सांगितलं, सीटचा पट्टा लावलेला होता. दिव्यांचं बटण चालू. किल्ली जागेवर. गाडी वळणावर सरळ पुढे गेली असावी. तेव्हा तिथे कठडा नव्हता, आणि त्या संध्याकाळी धुकं होतं हे माझ्याही लक्षात आहे. मागच्या सीटखाली एक पाण्याचा पंप होता.

तो पंप आमचा. घरातला जळला होता, दुरुस्तीला दिला होता, तो आणायला म्हणून गेला. मेकॅनिकने तेव्हाच सांगितलं होतं की पंप घेतला आणि तलावाच्या रस्त्याने निघाला. मी मात्र सगळ्यांना सांगायचे, "पंप आणायला गेला तो गेलाच." लोक हसायचे. मीही हसायचे.

"गाडीचं तोंड कुठे होतं?" चिऊने विचारलं.

"तुमच्या घराच्या दिशेने," बाई म्हणाल्या.

चिऊ म्हणाली, "म्हणजे बाबा घरी येत होते."

 ती उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली. मी मागून गेले. नुसतं पाणी बघत होती. मी नळ बंद केला, तिने परत सोडला.

११ मार्च, बुधवार

एक गोष्ट दोन दिवस डोक्यात घोळते आहे. पंप घेतला त्याच संध्याकाळी तो पाण्यात गेला. मग तीन दिवसांनी फोन कोणी केला?

फोन दुकानात आला होता, भाऊजींनी घेतला होता. "मी ठीक आहे, मला शोधू नका, मी परत येणार नाही." एवढंच बोलून ठेवला. त्या निरोपामुळे शोध थांबला. पोलीस म्हणाले, सज्ञान माणूस आहे, स्वतःच्या मर्जीने गेलाय. मग शेजाऱ्यांनी त्यात एक बाईही घातली. नवरा आपोआप जात नाही म्हणे, कोणीतरी न्यावा लागतो.

आता सरळ आहे. कोणीतरी त्याचा आवाज काढून भाऊजींना फसवलं. कोण इतकं नीच असेल? मी इन्स्पेक्टरबाईंना हे सांगितलं. त्या ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या दिरांशी मला बोलायचं आहे." मी म्हणाले, "त्यांना आत्ता त्रास नको. ज्याने फसवलं त्याला धरा." त्यांनी भाऊजींचं नाव लिहून घेतलं.

भाऊजी जेवत नाहीत. आज मी त्यांना म्हणाले, "तुमचा काय दोष? लाइनवर खरखर असेल, दादाचाच आवाज वाटला असेल." तर हातातलं ताट ठेवून निघून गेले. दातांचे डॉक्टर दुकानात बसून असतात हल्ली, सोबत म्हणून. ते भाऊजींना म्हणत होते, "सोनारानेच कान टोचलेले बरे. दुसऱ्या कोणी टोचले तर जास्त दुखतं." आता यांना यंत्रावर कोट्या सुचतायत! मी लक्ष दिलं नाही.

१४ मार्च, शनिवार

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. भाऊजी गळांचा डबा घेऊन लहान-मोठे वेगळे करत होते. मान खाली घालूनच म्हणाले, "वहिनी, फोन आला नव्हता."

"कोणाचा?" मला वाटलं, दोरीवाल्या व्यापाऱ्याचा.

"दादाचा. कधीच आला नव्हता."

मी म्हणाले, "तेच तर म्हणते मी. दुसऱ्या कोणी..."

"कोणीच केला नव्हता."

मला समजलं नाही. खरंच नाही. त्यांनी परत सांगितलं, अगदी सावकाश, परक्या माणसाला रस्ता सांगावा तसं. तिसऱ्या दिवशी आईंनी पाणीही सोडलं होतं. भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या, हे मलाही आठवतं. तपासायला आलेल्या डॉक्टरांनी सांगितलं की असंच चाललं तर हाती लागणार नाहीत. "मी दुकानात आलो. रिसीव्हर उचलून कानाला लावला. म्हटलं, दादा, काय करू? मग खाली ठेवला आणि घरी येऊन सांगितलं की दादाचा फोन आला होता. वाटलं, चार दिवसांत येईल कुठूनतरी, मग खाईन त्याच्या शिव्या. आई त्या दिवशी उठून बसली, वहिनी. तिने पेज मागितली."

"दुसऱ्या दिवशी पाणबुडे येणार होते," मी म्हणाले.

"हो."

"तलावात शोधणार होते."

"हो. मीच त्यांना नको म्हणून कळवलं."

"आणि चार दिवसांनी तो आला नाही तेव्हा? चार वर्षांनी?"

त्यांनी डब्यातला एक गळ उलटासुलटा केला. मग म्हणाले, "तुम्ही येऊन माझ्याकडे दुकानाची किल्ली मागितलीत. दात-ओठ खात. म्हणालात, तो गेला तर गेला, आम्ही काही उपाशी मरत नाही. तुम्ही रागावर उभ्या होतात. तो राग काढून घेतला असता तर तुम्ही पडला असता, असं मला वाटलं."

"माझा राग ठेवायचा की काढायचा, हे तुम्ही ठरवणार?"

"चुकलं."

चुकलं! हिशेबात बेरीज चुकते, तसं. मी त्यांच्या हातातला डबा हिसकून भिंतीवर मारला. सगळे गळ जमिनीवर पसरले. ते गुडघ्यांवर बसून वेचायला लागले. बोटांत टोचत होते, रक्त येत होतं, तरी वेचत होते. मी थांबवलं नाही. उभी राहून बघत होते.

आणि आता लक्षात येतंय: पूर्वेच्या वळणाला झाडं नव्हती. गळ कधीच अडकत नव्हते.

१५ मार्च, रविवार

आज आईंना सांगायला गेले. सांगायचं म्हणजे काय, भांडायलाच गेले. तुमच्यासाठी तुमच्या मुलाने हे केलं, असं तोंडावर सांगायचं होतं. त्या शेंगा सोलत होत्या. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"फोन आला नव्हता ते. त्याच दिवसापासून."

मी खाली बसले. 

"मोठ्याने फोन केला असता तर आधी आईचं विचारलं असतं," त्या म्हणाल्या. "धाकट्याने निरोप सांगितला त्यात माझं नावच नव्हतं. खोटं बोलायचं तेही धड जमलं नाही त्याला. लहानपणापासून तसाच."

"मग बोलला का नाहीत?"

"एक गेला होता. दुसरा समोर उभा राहून थरथरत होता. त्याला खोटं पाडलं असतं तर तो कुठे गेला असता? मी उठून बसले, पेज मागितली. घशाखाली उतरत नव्हती, तरी प्यायले."

"आणि मी? माझ्याकडे बघायचं सुचलं नाही तुम्हाला?"

त्यांचे हात थांबले. "वाटलं, रागावलीस तर सुटशील. तरुण होतीस. दुसरं घर करशील." मग म्हणाल्या, "तू इथेच राहिलीस. रोज माझ्या पुढ्यात ताट ठेवत राहिलीस. मग बोलायला तोंडच उरलं नाही मला."

घरात चार माणसं. दोघांना माहीत होतं की त्याचं काय झालं ते कोणालाच माहीत नाही. ते खोटं खरं मानून जगलो आम्ही दोघीच. मी, आणि तेव्हा आठ वर्षांची असलेली मुलगी.

१८ मार्च, बुधवार

भाऊजींनी स्वतः जाऊन इन्स्पेक्टरबाईंना सगळं सांगितलं. चौकशी होईल म्हणे. ते आता दुकानाच्या मागच्या खोलीत राहतात. मी सांगितलं नव्हतं, आपणहून गेले. मी डबा भरते, आई झाकण लावतात, आणि तो कोणी न्यायचा यावर सगळं घर गप्प. शेवटी डॉक्टर येऊन घेऊन जातात. आज म्हणाले, "कवळी बसवून देईन सगळ्यांना, पण कोणीतरी तोंड उघडा." कोणी हसलं नाही.

२२ मार्च, रविवार

काल शेवटचा निरोप दिला. थोडीच माणसं होती. शेजारच्या बाई, ज्यांनी पूर्वी त्या दुसऱ्या बाईचं नाव-गावसुद्धा शोधून काढलं होतं, त्या सगळ्यात जास्त रडल्या. मला रडू आलं नाही. मला वाटतं, माझ्याकडे रडायचं सामान दुसऱ्याच माणसासाठी तयार होतं, तो माणूस कधी नव्हताच.

परत येताना चिऊ म्हणाली, "मी दर बसमध्ये बघायचे."

"काय?"

"बाबा आहेत का. गर्दी असली तर पुढेपर्यंत जाऊन यायचे. भेटले की काय काय बोलायचं ते पाठ केलं होतं. सगळ्या वाईट वाईट गोष्टी. दरवर्षी नव्या घालायचे, जुन्या बाळबोध वाटल्या की काढायचे."

मी म्हणाले, "ते असते तर ऐकून घेतलं असतं त्यांनी."

चिऊ थांबली. "आई, तू 'ते' म्हणालीस."

मला कळलंच नाही कधी म्हणाले. नऊ वर्षं मी त्यांना तो, त्याला, त्याचा असंच म्हणत आले. लग्नानंतर कधी 'तो' म्हटलं नव्हतं, आणि गेल्यावर कधी सोडलं नाही. मागची पानं उघडून पाहिली. तिथे सगळीकडे 'तो' आहे. खोडणार नाही. तेव्हा तसंच होतं.

१२ एप्रिल, रविवार

बरेच दिवस लिहिलं नाही. दुकान उघडते, बंद करते. बोट धक्क्यालाच बांधलेली होती. भाऊजींशी मी बोलत नव्हते. काम असेल ते चिऊकरवी सांगत होते आणि ती ते पोपटासारखं सांगायची, मुद्दाम.

आज सकाळी एक बाई आली. तिशीची, हातात पिशवी, चप्पल प्रवासाने धुळकटलेली. गिऱ्हाईक नव्हती. म्हणाली, "तुमच्या यंत्राने गाडी शोधली ना?"

तिचा धाकटा भाऊ मोटारसायकलवरून निघाला होता, गेल्या पावसाळ्यापासून पत्ता नाही. उत्तरेच्या काठाचा रस्ता त्याच्या वाटेवर होता. "घरचे म्हणतात, पळून गेला असेल. काही म्हणतात, बरा असेल कुठेतरी, नको शोधू. तुम्ही एकदा बघाल का? एकदाच."

मी नाही म्हणणार होते. तोंडात आलं होतं. पण ते 'नको शोधू' कानांत राहिलं. मी तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि मागच्या खोलीचं दार वाजवलं. सोनारसाठी बोट अगदी हळू आणि एका रेषेत न्यावी लागते, वारा असला तरी. ते आमच्याकडे एकाच माणसाला जमतं.

"बोट काढा," मी म्हणाले.

भाऊजी चपला घालून बाहेर आले. ते फार वाळलेत. बोटांवरच्या जखमा भरल्यात.

ती बाई मधल्या फळीवर बसली, पिशवी मांडीवर घट्ट धरून. मी मागे बसले. भाऊजी पुढे, पडद्याजवळ. उत्तरेच्या काठाने आम्ही चालत्या माणसापेक्षाही हळू निघालो.  एका ठिकाणी भाऊजींनी वेग आणखी कमी केला, डब्याचा दांडा डावीकडे वळवला, उजवीकडे वळवला, परत डावीकडे आणला. ती बाई अर्धवट उठली.

"काही नाही, वहिनी," भाऊजी म्हणाले. "दगड आहे."

ती बाई त्यांच्याकडे वळली नाही. माझ्याकडे वळली. "नक्की ना हो?"

हो म्हणायला फक्त एक अक्षर लागतं. ते माझ्या तोंडून निघेना. भाऊजींनीही ऐकलं की ते निघत नाही. बोट तशीच उभी होती, वाऱ्याने जराही न हलता. तेवढी त्यांनी धरून ठेवली होती.

मी उठले. फळीचा आधार घेत पुढे गेले. भाऊजी एका बाजूला सरकले आणि पडद्यावर पडलेलं ऊन त्यांनी हाताच्या सावलीने अडवलं, मला नीट दिसावं म्हणून.

मी पाहिलं. गोल पाठीचा दगड, पलीकडे उतार, दोन मासे. सरळ रेघ कुठेच नव्हती. दांडा मीही वळवून पाहिला, डावीकडे, उजवीकडे.

"मी पाहिलं," मी तिला म्हणाले. "काही नाही."

ती खाली बसली. पिशवीवरची तिची पकड जराशी सुटली.

मी मागे गेले नाही. भाऊजींच्या शेजारीच बसले. त्यांनी बोट पुढच्या वळणाकडे घेतली, आणि आम्ही दोघं पडद्याकडे बघत राहिलो.